प्रभाग सातचा अंगठा

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद, सोनबर्डी,
जि. यवतमाळ.

अर्जदार : तानाबाई सदाशिवराव गावंडे, वय ५९, व्यवसाय शेती व घरकाम, अध्यक्ष, उष्णता समिती, प्रभाग क्र. ७, राहणार पाण्याच्या टाकीमागे, सोनबर्डी.

विषय : प्रभाग सातचे पाणी व गारवा केंद्र अर्जदाराच्या उजव्या अंगठ्यापासून मोकळे करून मिळण्याबाबत, तसेच दि. १९ मे रोजीच्या गैरहजेरीबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे सत्काराबाबतचे पत्र, दि. ९ एप्रिल २०२६.
२) आपल्या कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस, दि. २१ एप्रिल २०२६.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज (पाचांना लेखी उत्तर नाही, एक अर्जदाराकडेच परत).

महोदय,

संदर्भ क्रमांक दोनच्या नोटिशीने अर्जदाराकडून सात दिवसांत खुलासा मागितला आहे. तो सोबत वेगळा न जोडता याच अर्जात देत आहोत, कारण खुलासा आणि तक्रार या प्रकरणात एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. तानाबाईंना सही येते, लांब मजकूर लिहिता येत नाही. म्हणून त्यांनी सांगितले आणि समितीच्या सचिव मिताली बोरीकर यांनी लिहून घेतले. लिहिलेले त्यांना दोनदा वाचून दाखवले आहे.

१. मे २०२२ मध्ये तानाबाईंची धाकटी जाऊ शकुबाई गुरुवारच्या बाजारातून घरी येत होती. ती भाजी विकत असे. दुपारी दोनचा सुमार, डोक्यावर रिकामी टोपली, सोबत तानाबाई. टाकीच्या अलीकडे शकुबाई एकदम थांबली, "वहिनी, मले काही दिसत नाही" एवढे बोलली आणि खाली बसली ती उठली नाही. तानाबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले, पदराची सावली धरली. आजूबाजूला एक झाड नव्हते, एक ओटा नव्हता. पाण्यासाठी त्या पळत गेल्या तर पहिला नळ कोरडा आणि दुसरा तीनशे पावलांवर. परत येईपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवशी गावात किती तापमान होते, हे नंतर पुष्कळ ठिकाणी विचारूनही कोणाला सांगता आले नाही. कागदावर शकुबाईचा मृत्यू नैसर्गिक आहे.

२. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रभाग सातची सभा समाजमंदिरात झाली. जगभरातल्या शहरांनी मिळून हवामानाबाबत केलेल्या करारात आपली लहानशी नगरपरिषदही सामील झाली होती. त्याची माहिती द्यायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक अधिकारी आले होते. त्यांनी पडद्यावर समुद्रापलीकडच्या शहरांची चित्रे दाखवली. तिथेही माणसे उन्हाने मरतात, आणि एकटे सरकार काही करू शकत नाही, लोकांनी हात लावला तरच होईल, असे ते म्हणाले. ते खरेच बोलले, असे तानाबाईंना आजही वाटते. मात्र त्या वेळी त्या मागच्या सतरंजीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, समुंदरापलीकडचं राहू द्या. बाजारापासून टाकीपावतर सावली नाही. आमची शकू तिथंच गेली. तिथं सावली अन् पाणी करा, आम्ही हात लावतो."

टाळ्या पडल्या. अकरा जणांची उष्णता समिती तिथेच झाली आणि जी बाई बोलली तीच अध्यक्ष झाली. अध्यक्षाला नेमके काय करावे लागते हे त्यांनी विचारले नाही. त्यांना ते विचारण्यासारखे वाटले नाही.

३. २०२३ चा उन्हाळा प्रभाग सातने स्वतःच्या अंगावर काढला, हे नोंदवणे आवश्यक आहे. बाजाररस्त्यावर पाच ठिकाणी बांबूचे मांडव टाकले. प्रत्येक मांडवाखाली रांजण ठेवला आणि भरण्याची पाळी लावली. दोनशे बारा घरांच्या टिनांवर बायकांनी चुना मारला. दुपारी बारा ते चार दोन-दोन बाया घरोघर फिरून म्हाताऱ्यांची विचारपूस करायच्या. कोणी बिछान्यावरून उत्तर दिले नाही तर आत जाऊन पाहायचे, असा नियम होता. जमनी मेश्राम ही आमची सदस्य उन्हात फिरून स्वतःच आजारी पडली आणि चौथ्या दिवशी पुन्हा फिरायला लागली. त्या उन्हाळ्यात प्रभाग सातमध्ये उन्हाने एकही माणूस दगावले नाही. तेव्हा आमच्याकडे कोणतेही यंत्र नव्हते.

४. या कामाची बातमी वरपर्यंत गेली. मार्च २०२४ मध्ये प्रभाग सातला 'आदर्श शीत प्रभाग' म्हणून निवडण्यात आले. समाजमंदिरात गारवा केंद्र झाले, त्यात चार मोठे कुलर बसले. रोज दोन टँकर पाणी मंजूर झाले. आणि तानाबाईंच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला, तापमान मोजण्याचे यंत्र खांबावर बसवण्यात आले. कचेरीत बसून कोणी मनाने आकडे भरू नयेत, प्रत्येक आकड्याला तिथल्या माणसाची साक्ष असावी, हा करारातला नियम होता. नियम चांगला होता. शकुबाईच्या वेळी असा आकडा असता तर, असे तानाबाईंना वाटले. बसवणाऱ्या मुलीने त्यांचा उजवा अंगठा यंत्रात नोंदवला आणि सांगितले की सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला, आकडा दिसला की अंगठा लावायचा. दिवसातून नऊ वेळा.

अंगठा लागला नाही तर काय, हे कोणी सांगितले नाही. ते एप्रिलमध्ये कळले. तानाबाई एका लग्नाला गेल्या, दोन तासांचे अंगठे चुकले. तिसरा चुकताच यंत्राने प्रभाग सातचे तापमान 'सामान्य' असे वर कळवले. तापमान सामान्य म्हणून टँकर आला नाही आणि गारवा केंद्राची वीज आपोआप बंद झाली. बाहेर त्रेचाळीस होते.

५. तेव्हापासून तानाबाई अंगणातल्या आहेत. हा शब्द त्यांचा आहे.

मे २०२४ मध्ये त्यांचे थोरले भाऊ बोरी अरबला वारले. निरोप सकाळी नऊला आला. शेजारच्या बायकांनी जा म्हटले, पण कोणी डोळ्याला डोळा देईना, कारण त्या दिवशी पंचेचाळीस होते आणि प्रत्येकीच्या घरी लेकरू नाहीतर म्हातारे माणूस होते. तानाबाईंनी सहाचा अंगठा लावला आणि साडेसहाची एस. टी. धरली. उन्हामुळे भावाला दुपारीच नेले होते. त्या भावजयीजवळ बसल्या, पहाटेच्या गाडीने निघाल्या आणि दहाच्या अंगठ्याला यंत्रासमोर उभ्या राहिल्या. त्या रडल्या त्या यंत्रासमोर, अकराचा आकडा येईपर्यंत.

त्यानंतर त्यांचे यजमान सदाशिवराव यांनी, बायकोला निदान शेतावर जाता यावे म्हणून, एके दिवशी स्वतःचा अंगठा लावून पाहिला. यंत्राने 'अनोळखी व्यक्ती' असे दाखवून पूर्ण दिवस कुलूप लावून घेतले. सदाशिवरावांना आपल्या कार्यालयाची नोटीस आली. ते वावरातल्या खोपडीत आठ दिवस राहिले. घरी आले तर पुन्हा हात लावावासा वाटेल, असे त्यांनी सांगितले.

६. तानाबाईंनी दुसरे अंगठे नोंदवून मिळावेत म्हणून चार अर्ज केले. तोंडी असे कळले की यंत्र बसवणाऱ्या संस्थेचे काम संपले आहे, अंगठे नोंदवण्याची किल्ली तिच्याकडे होती, आणि पुढचा टप्पा मंजूर होईपर्यंत यंत्र नवीन माणूस ओळखणार नाही. पुढचा टप्पा केव्हा, हे आवक-जावक विभागाला माहीत नव्हते.

मग त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. हा पाचवा अर्ज. राजीनाम्याने अंगठा सुटत नाही, पद तेवढे सुटते, असे त्यावर तोंडी सांगण्यात आले; राजीनामा मात्र मंजूर झालाच नाही. सहाव्या अर्जात त्यांनी फक्त एवढेच विचारले की, मी मेले तर प्रभाग सातच्या पाण्याचे काय होईल. तो अर्ज अकरा दिवसांनी परत आला. वर शेरा होता : 'उष्णता समिती अध्यक्ष, प्रभाग ७ यांचेकडे उचित कार्यवाहीस्तव.' अर्जदाराने तो शिक्का ओळखला. अध्यक्ष त्याच आहेत. त्यांनी अर्जाची पोच स्वतःलाच दिली आणि अर्ज देवघरातल्या डब्यात ठेवला.

७. यापुढचा परिच्छेद तानाबाईंनी जसा सांगितला तसाच लिहिला आहे.

१४ मे २०२५ रोजी त्यांची मुलगी सुरभी हिला राळेगावला कळा सुरू झाल्या. पहिले बाळंतपण, सासरी सासू नाही. प्रभागातल्या बायकांनी या वेळी खरोखर जा म्हणून सांगितले, जमनीने तर पिशवी भरून दिली. त्या आठच्या गाडीने गेल्या. त्या दिवसाचे नऊ अंगठे चुकले. दुपारी बारानंतर यंत्राने 'सामान्य' कळवले, टँकर दुसऱ्या प्रभागात वळवला गेला आणि एकच्या आत गारवा केंद्रातले कुलर थांबले.

केंद्रात उकंडा होते. उकंडा एकटे राहतात, टोपल्या विणतात, वय सत्तरीच्या वर. बाहेर ऊन फार आहे, उठू नका, असे आम्हीच त्यांना बजावले होते. ते उठले नाहीत. बंद खोलीत, बंद कुलरसमोर ते तासाभरापेक्षा जास्त बसून राहिले. दुपारी घरोघर फिरण्याची पाळी आम्ही केंद्र झाल्यावर बंद केली होती, ही आमची चूक. अडीचला कोणीतरी डोकावले तेव्हा ते बाकावरून खाली पडलेले होते. ते वाचले. पण त्यांचा डावा हात आता टोपलीला लागत नाही आणि बोलणे जड झाले आहे.

राळेगावला संध्याकाळी साडेचारला मुलगी झाली. तानाबाईंनी नात हातात घेतली आणि त्याच वेळी फोन आला. नात किती वेळ हातात होती हे त्यांना आठवत नाही.

परत आल्यावर त्या थेट दवाखान्यात गेल्या. प्रभागातले कोणी त्यांना एका शब्दाने बोलले नव्हते, त्यामुळे उकंडाने तरी बोलावे अशी त्यांची इच्छा होती. तिसऱ्या दिवशी उकंडाला बोलता आले. ते म्हणाले, "तुमचा दोष नाही बाई. पण आता कुठं जाऊ नोका."

त्या गेल्या नाहीत.

८. उकंडा यांना उष्माघात झाला अशी नोंद व्हावी, एवढी समितीने मागणी केली होती. त्यावर आपल्या कार्यालयाचे लेखी उत्तर आले, तेवढे एकच उत्तर आजवर आले आहे. 'सदर दिवशी प्रभाग क्र. ७ चे तापमान अभिलेखानुसार सामान्य असल्याने उष्माघाताची घटना संभवत नाही.' शेजारच्या प्रभाग सहाचा त्याच दिवशीचा आकडा पंचेचाळीस अंश दोन आहे. सहा आणि सात यांच्या मध्ये आठ फुटांची नाली आहे.

९. पूर्वी मृग लागल्यावर तरी सुटका असे. मागच्या वर्षी ऑक्टोबर तापला, म्हणून तेव्हापासून निरीक्षणाचा काळ बाराही महिने करण्यात आला, आणि या वर्षी फेब्रुवारीतच अडतीस झाले. हवामान बदलले आहे हे अर्जदारास मान्य आहे. त्यामुळे गेल्या सात महिन्यांत त्या प्रभागाच्या हद्दीबाहेर दिवसाउजेडी गेलेल्या नाहीत. कापसाचा वेचा त्यांच्यावाचून झाला. नात अकरा महिन्यांची झाली. सुरभी तिला घेऊन चारदा येऊन गेली. आजी म्हणजे अंगणातल्या खांबाजवळ उभी असते ती बाई, असे त्या पोरीला वाटत असावे. चुन्याने आणि निंदणाने तानाबाईंच्या अंगठ्याच्या रेषा झिजत चालल्या आहेत. यंत्र आता तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळखते. दर वेळी ओळखेपर्यंत दारात दोन-तीन बायका हातातले काम टाकून उभ्या राहतात. त्या प्रेमाने उभ्या राहतात. तानाबाईंना सगळ्यात जास्त त्याचेच ओझे होते.

१०. अशा स्थितीत संदर्भ क्रमांक एकचे पत्र आले. देशोदेशीच्या शहरांचे प्रतिनिधी नागपूरला जमणार आहेत आणि अखंड नोंदी ठेवल्याबद्दल दि. १९ मे रोजी तेथे तानाबाईंचा सत्कार होणार आहे. सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत उपस्थिती अनिवार्य आहे. पत्राच्या शेवटी असेही आहे की सत्काराच्या दिवशीही नोंदी अखंड राहतील याची दक्षता संबंधितांनी घ्यावी. संबंधित म्हणजे तानाबाईच. दोन्ही कसे करावे, असे त्यांनी मिताली बोरीकर यांच्यामार्फत नम्रपणे विचारले. त्यावर संदर्भ क्रमांक दोनची नोटीस आली : शासकीय सत्कारास नकार देण्याची कारणे काय, तसेच नोंदींत खंड पाडण्याचा हेतू काय, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

खुलासा असा की नकार दिलेला नव्हता आणि हेतूही नव्हता. नोटीस वाचून झाल्यावर मात्र दोन्ही तयार झाले.

११. दि. २५ एप्रिल रोजी समाजमंदिरात प्रभागाची सभा झाली. एकशे चाळीसच्या वर माणसे होती. सभा सहानंतर ठेवली, म्हणजे अध्यक्षांना येता यावे. मिताली बोरीकर यांनी पत्र आणि नोटीस वाचून दाखवली. काही जण हसले. मग हसू थांबले, कारण तानाबाई हसत नव्हत्या. त्यांनी सांगितले की नागपूरला जायचे नाही, मी इथेच थांबते, तेवढे कोणीतरी नीट लिहून द्या.

तेव्हा उकंडा उभे राहिले. त्यांना उभे राहायला वेळ लागला आणि बोलायला त्याहून जास्त. ते म्हणाले, "म्याच म्हटलं होतं जाऊ नोका. चुकलं माझं. बाईले आपणच बांधून ठेवलं." खाली बसण्यापूर्वी त्यांनी विचारले की यंत्र नव्हते तेव्हा आपण काय करत होतो.

या प्रश्नावर सभा दोन तास चालली. चौकातले हरिसिंग राठोड यांनी त्या दिवशी स्वतःच्या विहिरीची मोटार दहा ते पाच चालू ठेवण्याचे कबूल केले. प्रत्येक घर आदल्या दिवशी दोन भांडी जास्तीचे पाणी भरून ठेवील. शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात ओली पोती बांधून म्हाताऱ्यांची बसण्याची सोय होईल, कारण तिथे कडुनिंब आहे आणि कडुनिंबाला वीज लागत नाही. दुपारी बारा ते चार घरोघर फिरण्याची पाळी पुन्हा लावली, पहिली पाळी जमनी मेश्राम यांनी मागून घेतली. एक दिवस जमले तर आठवड्यातून एक दिवस, आणि तेही जमले तर पुढचे पाहू, असा ठराव झाला. ठराव एकमताने झाला. तानाबाईंनी मत दिले नाही. त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

१२. तरी आपणास विनंती की,

(अ) प्रभाग सातचे पाणी आणि वीज उन्हावर ठरवावी, माणसाच्या हजेरीवर ठरवू नये. आकडा साक्षीविना राहिला तर तो 'सामान्य' न धरता 'माहीत नाही' असा धरावा, आणि माहीत नसेल तर टँकर पाठवावा.

(आ) समितीच्या आणखी किमान चार सदस्यांचे अंगठे नोंदवून घ्यावेत. किल्ली हरवली असल्यास खांबासह यंत्र बदलावे. अंगण आम्ही देऊ.

(इ) उकंडा यांच्या १४ मे २०२५ च्या आजाराची नोंद उष्माघात म्हणून दुरुस्त करावी. शकुबाई गावंडे यांचीही करता आल्यास करावी.

(ई) हा अर्ज अर्जदाराकडे कार्यवाहीस्तव परत पाठवू नये.

करार मोडावा अशी आमची मागणी नाही. शहरांनी एकत्र येऊन काही करावे, हे तानाबाईंना आजही पटते. त्यांचे एवढेच म्हणणे आहे की जगातल्या इतक्या शहरांनी मिळून धरलेला भार एका बाईच्या अंगठ्यावर टेकवू नये.

१३. दि. १९ मे बाबत वेगळी परवानगी मागितलेली नाही, ही माहिती आहे. तानाबाई त्या दिवशी नागपूरला जाणार नाहीत. त्या सकाळी आठच्या एस. टी. ने राळेगावला जाणार आहेत, सुरभीकडे, आणि दिवसभर तिथेच राहणार आहेत. सदाशिवरावही सोबत आहेत. सत्काराची शाल पाठवायची असल्यास ती उकंडा यांना द्यावी, असे त्यांनी सांगितले आहे.

त्या दिवशी चौकशीस किंवा या अर्जाचे उत्तर घेऊन कार्यालयातून कोणी आल्यास त्यांना पाणी मिळेल, सावली मिळेल, बसायला जागा मिळेल. अर्जदार घरी सापडणार नाहीत.

प्रभाग सातच्या वतीने आदरपूर्वक,

(सही)
तानाबाई सदाशिवराव गावंडे
अध्यक्ष, उष्णता समिती, प्रभाग क्र. ७

लेखन : मिताली साकेत बोरीकर, सचिव

ठिकाण : सोनबर्डी
दिनांक : २७ एप्रिल २०२६

सहपत्रे :
१) दि. २५ एप्रिलच्या सभेचा ठराव, एकशे त्रेचाळीस सह्या व अंगठ्यांसह.
२) प्रभाग सहा व सात यांचे १४ मे २०२५ चे तापमान, शेजारी-शेजारी मांडून.
३) उकंडा यांच्या दवाखान्याच्या कागदांची छायाप्रत.
४) परत आलेला सहावा अर्ज, मूळ प्रत.